गूळबाजारातल्या दिवाणजींचं ‘नॉर्मल’ कोलेस्टेरॉल

पार्श्वभूमी

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचे सौदे निघतात. तिथल्या एका अडत दुकानात हे गृहस्थ वीसेक वर्षं दिवाणजी आहेत. ओळख पटेल असे बारीकसारीक तपशील बदलले आहेत, आणि नावाऐवजी मी त्यांना इथे दिवाणजीच म्हणतो. त्यांचे वडीलही माझेच पेशंट होते. वडिलांना ५१व्या वर्षी हार्ट ॲटॅक आला होता. ही गोष्ट मला माहीत होती, फक्त वेळेवर आठवली नाही.

दिवाणजी दारू पीत नाहीत. तंबाखू नाही. तरुणपणी दोन-तीन वर्षं तालमीत जात होते. व्यायाम सुटला, खुराक सुटला नाही, ही आपल्याकडची जुनीच कथा.

जानेवारी २०२२ मध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, एका शिबिरात त्यांनी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करून घेतलं आणि कागद मला आणून दाखवला. एकूण कोलेस्टेरॉल १८६, एचडीएल (‘चांगलं’ म्हणतात ते) ३४, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २४८, एलडीएल (‘वाईट’ म्हणतात ते) १०२. उपाशीपोटी साखर ९९. मी एकूण आणि एलडीएल बघितलं आणि म्हटलं, “कोलेस्टेरॉल नॉर्मल आहे. ट्रायग्लिसराइड जरा जास्त आहे, तेल-तूप कमी करा, मटण कमी करा.” सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील.

दिवाणजी शब्दाला जागणारे. त्यांनी मटण बंद केलं. तांबडा-पांढरा रस्सा समोर असताना नुसता भात खाऊन उठणारा कोल्हापूरकर म्हणजे नातेवाइकांत चर्चेचा विषय. दूध कट्ट्यावर धारोष्ण दूध प्यायला जाणं सोडलं, भाकरीवरचं लोणी गेलं, भाजीला तेल नावापुरतं राहिलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पुन्हा रिपोर्ट केला. एकूण १७९, एचडीएल ३१, ट्रायग्लिसराइड ३१२, एलडीएल ८६. एलडीएल १०२ वरून ८६ वर आलेलं बघून मी खूश झालो. ट्रायग्लिसराइडबद्दल विचारलं, “उपाशी होता ना?” ते म्हणाले, “एक कप चहा घेतलेला.” मी म्हटलं, “मग त्यानंच वाढलं असेल.” आणि विषय मिटवला.

अडचण कशी समोर आली

फेब्रुवारी २०२४ मध्ये मुतखड्याची कळ आली म्हणून सोनोग्राफी झाली. खडा लहान होता, पडून गेला. पण रिपोर्टच्या खालच्या ओळीत ‘ग्रेड २ फॅटी लिव्हर’ असं लिहिलेलं. दिवाणजी माझ्यासमोर बसले आणि म्हणाले, “डॉक्टर, मटण सोडलं, तेल सोडलं, लोणी सोडलं. कोलेस्टेरॉल नॉर्मल हाय म्हणून तुम्हीच सांगितलासा. मग लिव्हरवर चरबी आली कुठनं?”

प्रश्न बरोबर होता. उत्तर दोन वर्षांपासून त्यांच्याच फाइलमध्ये होतं.

जुने आकडे पुन्हा मांडले तेव्हा

लिपिड प्रोफाइलमध्ये एलडीएल बहुतेक ठिकाणी थेट मोजत नाहीत, गणिताने काढतात. १९७२ साली फ्रीडवाल्ड आणि सहकाऱ्यांनी दिलेलं सूत्र असं: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करायचं आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भागही वजा करायचा. हा पाचवा भाग म्हणजे व्हीएलडीएलचा, ट्रायग्लिसराइड वाहून नेणाऱ्या कणांतल्या कोलेस्टेरॉलचा, अंदाज. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की हे सूत्र वापरू नये असा नियम आहे. पण त्याच्या आतही ट्रायग्लिसराइड जसजसं चढतं तसं वजाबाकीत एलडीएल खाली दिसू लागतं.

दिवाणजींचं नेमकं तेच झालेलं. २०२२ मध्ये १८६ मधून ३४ आणि ५० गेले, उरले १०२. २०२३ मध्ये १७९ मधून ३१ आणि ६२ गेले, उरले ८६. मी ज्याला सुधारणा म्हटलं, त्यातला बराचसा भाग ट्रायग्लिसराइड वाढल्याचाच परिणाम होता.

आता दुसरी मांडणी बघा. एकूणमधून फक्त एचडीएल वजा केलं की उरतं ते नॉन-एचडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांना त्रास देणाऱ्या सगळ्या कणांतलं कोलेस्टेरॉल. २०२२ मध्ये ते १५२, २०२३ मध्ये १४८. जवळजवळ हललंच नाही. त्याला एचडीएलने भागलं तर ४.५ चं ४.८ झालेलं. ट्रायग्लिसराइडला एचडीएलने भागलं तर ७.३ वरून थेट १०. म्हणजे ‘वाईट कोलेस्टेरॉल’ उतरत असताना दोन्ही गुणोत्तरं चढत होती. त्यासाठी नवी तपासणी लागत नाही, जादा पैसे लागत नाहीत. मोबाइलवर भागाकार करावा लागतो, इतकंच.

या गुणोत्तरांचा यकृताशी संबंध काय, हे दिवाणजींना मी गोदामाच्या भाषेत सांगितलं, कारण ती त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळते. यकृत म्हणजे अडत्याचं गोदाम. माल येण्याच्या वाटा तीन. अंगातल्या चरबीच्या पेशींतून, विशेषतः पोटावरच्या, इन्सुलिनला दाद न देता सुटणारी चरबी. साखरेतून यकृताने स्वतः तयार केलेली चरबी. आणि जेवणातलं तेल-तूप. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फॅटी लिव्हरच्या रुग्णांमध्ये हे वाटे मोजले, ते अनुक्रमे सुमारे ५९, २६ आणि १५ टक्के निघाले. मी दोन वर्षं ज्या वाटेवर नाकाबंदी केली होती ती सगळ्यात अरुंद वाट होती.

गोदाम भरलं की यकृत गाड्या भरून बाहेर पाठवतं. त्या गाड्या म्हणजे व्हीएलडीएल, त्यातला माल ट्रायग्लिसराइड. रक्तात अशा गाड्यांची गर्दी झाली की मालाची अदलाबदल होते. एचडीएलच्या कणांवर ट्रायग्लिसराइड चढतं, ते कण लवकर मोडीत निघतात आणि एचडीएल घटतं. एलडीएलचे कण लहान आणि दाट होतात. प्रत्येक कणात कोलेस्टेरॉल कमी, पण कणांची संख्या जास्त. म्हणून एलडीएलचा आकडा साधा दिसतो आणि धोका साधा नसतो. वर ट्रायग्लिसराइड, खाली एचडीएल, मध्ये निरागस एलडीएल: हे चित्र दिसलं की गोदाम भरलेलं असण्याची शंका घ्यावी. अनेक देशांतल्या आरोग्य तपासण्यांच्या माहितीत नॉन-एचडीएल आणि एचडीएलचं गुणोत्तर चढं असलेल्यांत फॅटी लिव्हर जास्त आढळलेलं आहे. मात्र अमुक आकड्याच्या वर रोग आणि खाली निरोगी, अशी सर्वमान्य रेघ नाही. गुणोत्तर शंका उपस्थित करतं, निदान करत नाही.

पुढची तपासणी

मी टेप काढली. घेर १०१ सेंटिमीटर. भारतीय पुरुषांसाठी ९० च्या वर धोका धरतात. “पँट तर छत्तीसचीच हाय,” असं ते म्हणाले, पण पट्टा पोटाच्या खाली बांधला की पँटचं माप काहीच सांगत नाही. वजन ८१ किलो, उंची १६८, म्हणजे बीएमआय २८.७. बीपी १३४/८६. नीट बारा तास उपाशी ठेवून पुन्हा केलेलं ट्रायग्लिसराइड ३०४. म्हणजे चहाच्या कपाचा दोष नव्हता. खाऊन तपासणी केली तरी ट्रायग्लिसराइड सरासरी २५-३० ने वाढतं. ३१२ चा खुलासा त्यातून होत नाही, हे मला नोव्हेंबरमध्येच सुचायला हवं होतं.

उपाशी साखर १०८, एचबीएवनसी (साधारण तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) ६.१. यकृताची एन्झाइम्स एसजीपीटी ५८ आणि एसजीओटी ४१, प्लेटलेट दोन लाख दहा हजार. हिपॅटायटिस बी आणि सी नाही, थायरॉइड ठीक.

२०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी या आजाराचं नाव बदलून त्यात ‘मेटाबॉलिक’ हा शब्द घातला. निदानासाठी यकृतातली चरबी आणि पाचपैकी किमान एक गोष्ट लागते: वजन किंवा घेर, साखर, बीपी, ट्रायग्लिसराइड १५० किंवा जास्त, एचडीएल पुरुषांत ४० किंवा कमी. दिवाणजींकडे पाचही होत्या. पाचातल्या दोन तर लिपिडच्या कागदावरच्याच.

पहिला निर्णय: यकृत किती खराब झालंय, हे कसं ठरवायचं? सोनोग्राफीतला ‘ग्रेड’ चरबी किती हे ढोबळपणे सांगतो, व्रण किती पडलेत हे नाही. पेशंट मात्र ग्रेडच धरून बसतात. त्यासाठी फिब-४ काढलं: वय गुणिले एसजीओटी, भागिले प्लेटलेट (हजारांत) आणि एसजीपीटीच्या वर्गमुळाचा गुणाकार. उत्तर १.१३. १.३ च्या खाली असेल तर मोठे व्रण असण्याची शक्यता कमी. नियमाने इथे थांबता आलं असतं. पण साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर होती, म्हणून मी यकृताचा कडकपणा आणि चरबी मोजणारा फायब्रोस्कॅनही करून घेतला. कडकपणा ६.४ किलोपास्कल, चरबीचा कॅप आकडा ३११. ८ च्या खालचा कडकपणा दिलासा देणारा, चरबी मात्र भरपूर. बायोप्सीची गरज नव्हती.

विचारात घेतलेले पर्याय

दिवाणजींना ‘लिव्हरचं टॉनिक’ हवं होतं. शेजाऱ्याने एक बाटली सुचवलेली, मेहुण्याने काढा. उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या आपल्याकडे सर्रास लिहिल्या जातात, पण या आजारात त्यांचा ठोस फायदा दिसलेला नाही. व्हिटॅमिन ईचा अभ्यास झालाय तो बायोप्सीने सूज सिद्ध झालेल्या, मधुमेह नसलेल्या रुग्णांवर. सॅरोग्लिटाझार या औषधाला भारतात २०२० मध्ये या आजाराच्या सूज असलेल्या प्रकारासाठी परवानगी मिळालेली आहे. व्रण नसलेल्या आणि अजून एकदाही नीट प्रयत्न न केलेल्या माणसाला ते पहिल्याच दिवशी द्यावं असं मला वाटलं नाही. फेनोफायब्रेट ट्रायग्लिसराइड झटकन खाली आणतं. पण स्वादुपिंडाला सूज येण्याच्या धोक्यासाठी आपण ते ५०० च्या वर हाताशी घेतो. शिवाय इथे नुसता आकडा गोड झाला असता आणि आम्ही दोघंही पुन्हा निर्धास्त झालो असतो.

स्टॅटिनचा, म्हणजे कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या गोळीचा, प्रश्न अवघड होता. यकृताची चरबी त्याने फारशी उतरत नाही. पण वडिलांचा ५१व्या वर्षीचा ॲटॅक, नॉन-एचडीएल १४८, साखर काठावर. फॅटी लिव्हर असलेल्यांचा जीव जास्त करून हृदयविकाराने जातो. लगेच द्यावं की तीन महिने थांबावं? मी थांबलो. कारण वैद्यकीय कमी, माणसाचं जास्त होतं. पहिल्याच दिवशी गोळी दिली असती तर बाकी सगळं गोळीवर सोपवलं गेलं असतं.

मुख्य उपाय एकच होता: वजन. पाच टक्के उतरलं तर चरबी कमी होते, सातच्या पुढे सूज, दहाच्या आसपास व्रणही मागे हटू शकतात. ८१ किलोच्या माणसाला सात टक्के म्हणजे साडेपाच-सहा किलो.

गुळाचा हिशेब

इथे वहिनी नसत्या तर सगळं फसलं असतं. खाण्याची यादी विचारल्यावर दिवाणजींनी दोन भाकऱ्या, भाजी, आमटी-भात असं सांगितलं. शेजारी बसलेल्या वहिनी म्हणाल्या, “आणि गूळ? ह्यांच्या शर्टाच्या खिशात गुळाची खडी असतीय. धुताना मला मुंग्या लागत्यात.”

सौद्याच्या हंगामात प्रत्येक गाळ्यावर गुळाचा रवा (ढेप) फोडून रंग बघायचा, बोटांनी कण चाचपायचा आणि खडा तोंडात टाकायचा. हे त्यांच्या दृष्टीने खाणं नव्हतंच, काम होतं. त्यात दिवसाला सात-आठ चहा, सगळे गुळाचे. साखर त्यांनी २०२२ मध्येच, माझ्या कोलेस्टेरॉलच्या सल्ल्यानंतर, स्वतःहून सोडलेली. “गूळ नैसर्गिक, गुळात कोलेस्टेरॉल नसतंय न्हवं?” नसतं, खरं आहे. पण गुळाचा मोठा भाग सुक्रोजच, आणि सुक्रोजचा अर्धा भाग फ्रुक्टोज, जे यकृतातच उतरतं आणि तिथेच चरबीत बदलायला सोपं असतं. आम्ही तिघांनी मिळून हिशेब मांडला. चहांतले सत्तर-ऐंशी ग्रॅम, खड्यांचे चाळीस-पन्नास. १०० ग्रॅम गुळाला ३८० च्या आसपास कॅलरी धरल्या तर रोजचे सुमारे साडेचारशे, तेही न जेवता. तेल कमी केल्यावर पोट भरेना म्हणून वाढवलेला भात वेगळाच.

काय केलं

चहा तीनवर आणला, बिनगुळाचा. पहिला आठवडा डोकं दुखलं म्हणून त्यांनी मला मनातल्या मनात शिव्या दिल्या असणार. सौद्याच्या वेळी चव बघायचीच तर मालाबद्दल वाद असेल तिथेच, तीही बघून थुंकून टाकायची, असं मी सुचवलं. त्यावर ते खरंच दुखावले. “गूळ थुकायचा? लक्ष्मी हाय ती.” मग तोडगा त्यांनीच काढला: चव बघायचं काम दुकानातल्या विशीतल्या पोराकडे. स्वतः रंग आणि कण बघायचा. त्या पोराचं काय, हा प्रश्न मला नंतर पडला. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

जेवणात तेल पुन्हा आलं, मोजून. भात एका वेळी, एक वाटी. ज्वारीची भाकरी, उसळ, शेंगदाण्याची चटणी, दही. रविवारचं मटण मी परत दिलं. फोडी खा, रस्सा दोन वाट्या, भात एकच मूद. त्या दिवशी दवाखान्यातून त्यांच्याइतकं आनंदात कोणी गेलं नसेल. पहाटे रंकाळ्यावर पाऊण तास चालणं, आणि आठवड्यातून तीनदा जोर-बैठका. तालमीची आठवण असल्यामुळे हे सांगावं लागलं नाही.

मे २०२४. वजन ७७. ट्रायग्लिसराइड २०५. आणि एलडीएल १०१. दिवाणजी कागद फडकावत आले: “एलडीएल वाढलं की वो! मटण नडलं बगा.” ८६ बघून जशी खोटी खुशी झाली होती, तशीच ही खोटी धास्ती. ट्रायग्लिसराइड उतरलं की वजाबाकीतला मोठा आकडा लहान होतो, आणि एलडीएल वर दिसतं. नॉन-एचडीएल १४८ वरून १४२ वर उतरलेलं, दोन्ही गुणोत्तरंही उतरलेली. त्यांना हे पटवायला पाटीवर गणित करावं लागलं. हिशेबाचा माणूस असल्याने पटलं.

मात्र १४२ वडिलांच्या इतिहासासमोर जास्तच होतं. मे अखेरीस ॲटोरव्हास्टॅटिन हे स्टॅटिन १० मिलिग्रॅम सुरू केलं. जूनच्या मध्यात त्यांनी ते बंद केलं, मला न सांगता. औषध दुकानात कोणीतरी म्हणालं, “लिव्हरवाल्याला ही गोळी चालत नाही.” जुलैच्या मध्यावर कळलं. चूक माझीही होती: ही भीती येणारच हे मला ठाऊक असून गोळी लिहिताना मी त्यावर एक वाक्यही बोललो नव्हतो. फॅटी लिव्हरमुळे किंचित वाढलेल्या एसजीपीटीत स्टॅटिन चालतं. तिप्पट वाढ असेल तर थांबून विचार करतात. त्या दिवशी गोळीशिवाय एसजीपीटी ४४ होतं. पुन्हा सुरू केली आणि सप्टेंबरच्या सुरुवातीला गोळी चालू असताना बघितलं, तर ३३.

काय झालं

| तपासणी | एकूण | एचडीएल | ट्रायग्लिसराइड | एलडीएल | नॉन-एचडीएल ÷ एचडीएल | ट्रायग्लिसराइड ÷ एचडीएल |
|---|---|---|---|---|---|---|
| जाने. २०२२ | १८६ | ३४ | २४८ | १०२ | ४.५ | ७.३ |
| नोव्हें. २०२३ | १७९ | ३१ | ३१२ | ८६ | ४.८ | १०.१ |
| मे २०२४ | १७६ | ३४ | २०५ | १०१ | ४.२ | ६.० |
| सप्टें. २०२४ | १३८ | ३६ | १५८ | ७० | २.८ | ४.४ |
| मार्च २०२५ | १४१ | ३५ | १९६ | ६७ | ३.० | ५.६ |

सप्टेंबरमध्ये वजन ७५, म्हणजे सात टक्क्यांच्या थोडं वर उतरलेलं. तक्त्यातली ४.२ वरून २.८ ही उडी बघून मात्र फसू नये. तिचा मोठा वाटा स्टॅटिनचा आहे. गोळी सुरू झाली की नॉन-एचडीएलचं गुणोत्तर यकृताबद्दल पूर्वीसारखं बोलत नाही. त्यानंतर मी ट्रायग्लिसराइड-एचडीएल आणि पोटाचा घेर यांवर जास्त विसंबलो.

मग दिवाळी आली, सौदे सुरू झाले. मार्च २०२५ मध्ये वजन ७७.५, ट्रायग्लिसराइड १९६. हंगामात चालणं सुटलं होतं, आणि चव बघणारा पोरगा महिनाभर गावाकडे गेला होता. तरीही फायब्रोस्कॅनमध्ये कॅप ३११ वरून २६८, कडकपणा ५.६, एचबीएवनसी ५.८. एलडीएल तर आजवरचं सगळ्यात कमी. नुसतं तेच बघितलं असतं तर हंगामातली घसरण पुन्हा माझ्या नजरेतून सुटली असती.

पुन्हा करायचं झालं तर

२०२२ च्या त्या चार मिनिटांत टेप काढली असती, एसजीपीटी आणि प्लेटलेट सांगितले असते, तर दोन वर्षं वाचली असती. फेब्रुवारी २०२१ मध्येच केंद्र सरकारने फॅटी लिव्हरचा समावेश मधुमेह-हृदयविकाराच्या राष्ट्रीय कार्यक्रमात केला होता, म्हणजे मला माहिती नव्हती अशी सबब नाही. मी शोधलंच नाही, कारण ‘नॉर्मल’ हा शब्द उच्चारल्यावर डोकं पुढे चालत नाही. आता मी तो शब्द एकेका आकड्यासाठी वापरतो, अख्ख्या कागदासाठी नाही.

त्याहून टोचतं ते ‘तेल कमी करा’. काय सोडायचं ते सांगितलं, त्या जागी काय येईल ते विचारलं नाही. रिकाम्या जागेत भात आणि गूळ आला. आणि पोटापाण्याचा धंदा विचारताना ‘दिवाणजी’ एवढं लिहून पुढे गेलो. दिवसभर हात कशात असतो, तोंडात काय जातं, हे विचारायला एक मिनिट लागलं असतं.

स्टॅटिन तीन महिने लांबवणं योग्य होतं का, यावर माझ्या एका फिजिशियन मित्राशी माझे अजून मतभेद आहेत. त्याच्या मते वडिलांचा इतिहास पाहता पहिल्याच दिवशी द्यायला हवं होतं, आणि अपोबी तपासून कणांची संख्याच मोजून घ्यायला हवी होती. अपोबीबद्दल तो बरोबर आहे, ती मी करून घ्यायला हवी होती. पहिल्या दिवसाबद्दल मला अजून तसं वाटत नाही.

दिवाणजींचा अकरावीतला मुलगा मागच्या महिन्यात सर्दीसाठी आला होता. सर्दीचं औषध लिहून झाल्यावर मी त्याच्या पोटाचाही घेर घेतला, ९४ निघाला. त्याची लिपिड आणि एसजीपीटी तपासणी सांगितली आहे. वडिलांची पुढची तारीख दिवाळीआधीच्या आठवड्यात ठेवली आहे, सौदे सुरू व्हायच्या आत, आणि वहिनींना सोबत यायला सांगितलं आहे.